फ्लँजसाठी पेट्रोलेटम टेपचा संच: खरी मदार मॅस्टिकवर

रंगाने पाइप वाचतो, फ्लँज (दोन पाइप बोल्टांनी जोडणाऱ्या टोकांच्या चकत्या) नाही. नटांच्या कडांवर रंग पातळ बसतो, पाना लागला की सोलवटतो आणि दोन फ्लँजांमधल्या फटीत ब्रश पोचतच नाही. पाणी तिथेच साचतं. पेट्रोलेटम (व्हॅसलिनसारखं पेट्रोलियम मेण) टेपचा संच या जागेसाठीच असतो. त्यात प्राइमर पेस्ट, मॅस्टिक (फटी भरायचा मऊ लगदा), मेणट टेप आणि वरचं वेष्टण मिळतं.

आधी बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरच्या क्रमाने ठरलेल्या टॉर्कच्या (आवळण्याच्या पिळाच्या) 30, 70 आणि 100 टक्क्यांपर्यंत आवळून दाबचाचणी उरकावी. गुंडाळल्यावर गळती दिसत नाही. मग सुटा गंज वायर ब्रशने काढावा. हातसफाईचा St 2 दर्जा पुरतो, सँडब्लास्टिंग लागत नाही. किंचित दमट लोखंडही चालतं, हा या संचाचा मोठा गुण. पेस्ट मात्र आट्यांत आणि नटाखाली बोटांनी चोळूनच भरावी.

मॅस्टिक फटीत ठासून भरावं आणि बोल्टांच्या डोक्यांभोवती उतार येईल असं लिंपावं. इथे कंजुषी केली की टेप दोन बोल्टांमध्ये ताणून बसते, खाली पोकळी राहते आणि पाण्याला पुन्हा घर मिळतं. टेप 55 टक्के एकमेकांवर चढवत, हाताने चेपत जावी आणि दोन्ही बाजूंना पाइपवर निदान 150 मिमी न्यावी. उघड्यावर वरचं वेष्टण टाळू नये.

टेपला पर्याय म्हणून फ्लँजांच्या फटीभोवती आवळायचे पट्टेही मिळतात; त्यांच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) फटीत ग्रीस भरतात. ते ‘पेटंटेड’ म्हणून विकले जातात. लेबलावर जाऊ नका, पेटंटमधले दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी कलमं, वाचा. पेटंटच्या वादात पट्ट्यांचं साम्य पुरत नाही; दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्या वस्तूत आहे का, हे तपासलं जातं. फटीत ग्रीस भरण्याची नुसती कल्पना जुनी आहे. निपलसमोर हवा बाहेर पडायला छिद्र आहे का, हे पाहणं खरेदीदाराच्या जास्त कामाचं. ते नसेल तर हवा कोंडते आणि ग्रीस अर्ध्यातच थांबतं.

वारंवार उघडायच्या जोडाला पट्टा बरा, कारण टेप दर वेळी कापावी लागते. पुरलेल्या किंवा खाऱ्या वाऱ्यातल्या जोडाला टेपच घ्यावी. गरम लाइनवर मेण पातळ होऊन ओघळतं, म्हणून माहितीपत्रकातली कमाल तापमानमर्यादा आधी बघा. डिझेल-पेट्रोल झिरपणाऱ्या जोडावर हा संच नकोच; पेट्रोलेटम त्यात विरघळतं.