कंबर धरली: कायरोप्रॅक्टर की फिजिओ?

एप्रिल लागला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि घरटी एखादी तरी कंबर जाते. गेल्या वर्षी माझी गेली. भरलेला कूलर वीतभर खिडकीकडे सरकवला आणि उसण भरली. शेजारच्या काकू पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधायला निघाल्या. पायाळूची लाथ बसली की उसण जाते, हा त्यांचा ठाम अनुभव. मुलानं मोबाइलवर कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हातानं मणक्याला झटका देऊन उपचार करणाऱ्याची, रील दाखवली: एक झटका, कट्ट, पेशंट हसत उभा. मला दोन्हींत फारसा फरक दिसला नाही.

लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लोंबायला लागलं, ताप आहे, पूर्वी कॅन्सर झालाय किंवा म्हातारं माणूस पडलंय, तर निवड करत बसू नका. थेट मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.

कायरोप्रॅक्टिक १८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलं. सरकलेला मणका जागेवर बसवतो, ही त्यामागची जुनी कल्पना. पण तो कट्ट आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, बोटं मोडताना होतो तसाच. आराम मात्र खरा असतो. मीही एका कायरोप्रॅक्टरकडून झटका घेतला. मला उठताना भिंत धरावी लागत होती, ती त्या दिवशी लागली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा लागली. तोवर माझ्यापुढे बारा सीटिंगचं पॅकेज ठेवलं होतं.

फिजिओकडेही सगळं आलबेल नाही. मी आधी ज्या फिजिओकडे गेलो तिथे वीस मिनिटं ट्रॅक्शन, म्हणजे मशीननं कंबर ताणणं, वर शेक, घरी जाताना पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात नेमकं ट्रॅक्शन आणि पट्टा नित्याचे म्हणून देऊ नका असं म्हटलंय. व्यायाम, समजावून सांगणं, मसाज आणि मणक्यावरची हातांची हाताळणी मात्र त्यात चालते. म्हणजे झटका देणाऱ्याला सरसकट भोंदू म्हणता येत नाही आणि मशीन लावून बाहेर निघून जाणाऱ्या फिजिओला शास्त्रीय म्हणता येत नाही.

तरी माझा कौल फिजिओला, पण व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओला. दुसरीकडे मिळालेल्या फिजिओनं पहिल्या दिवशी फक्त विचारलं, मला वाकवून पाहिलं आणि तीन व्यायाम दिले. शिवाय कित्येक फिजिओ ती हाताळणीही करतात. फिजिओथेरपीची पदवी आपल्याकडे रुळलेली आहे. कायरोप्रॅक्टरची स्वतंत्र सरकारी परिषद भारतात नाही, त्यामुळे पदवी कुठली, किती वर्षांची, हे स्वतः विचारावं लागतं. कळ पायात उतरत असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर तपासणीआधी झटका नकोच. कंबरेसाठी गेलात आणि मानेला हात घातला, तर नाही म्हणा. मानेच्या झटक्यानं रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होणं दुर्मीळ, पण माहीत असलेलं आहे.

बहुतेक उसणी तशाही ४ ते ६ आठवड्यांत ओसरतात. शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला श्रेय, मग तो पायाळू का असेना. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही, न दुखणाऱ्यांच्याही दिसते.

यंदा कूलर रिकामाच खिडकीशी नेला. पाणी मग पाइपानं भरलं.