फॅक्टर पाचसाठी प्लाझ्मा: रत्नागिरीतल्या एका रक्तपेढीचा अनुभव

माझ्या मुलीच्या रक्तात जन्मापासून फॅक्टर पाच, म्हणजे जखमेतून वाहणारं रक्त थांबायला लागणारं एक प्रथिन, जवळजवळ नाहीच. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार. हिमोफिलियाच्या मुलांना फॅक्टर आठची इंजेक्शनं मिळतात, पाचासाठी तसं काही बाजारात मिळत नाही. क्रायोमध्येही, म्हणजे प्लाझ्मापासून बनवलेल्या दाट अर्कातही, तो पुरेसा नसतो. लोकांनी दिलेल्या रक्तातून काढून गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव), म्हणजे एफएफपी, एवढाच आधार. त्यामुळे आमच्यासाठी रक्तपेढी चांगली असणं डॉक्टर चांगला असण्याइतकंच मोलाचं.

ऐन पावसात तिची अक्कलदाढ काढायची ठरली. वजन 48 किलो, किलोमागे 15 ते 20 मिली, म्हणजे चार पिशव्या. काउंटरवरच्या ताईंनी गट आणि वजन विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचली आणि म्हणाल्या, "काकी, पिशव्या आत्ता वितळवत नाही. तिला सुई लागली की फोन करा." माझ्या मते या रक्तपेढीचं खरं काम इथेच दिसलं. वितळल्यावर फॅक्टर पाच कमी होत जातो, आणि वितळलेली पिशवी परत गोठवता येत नाही. फोन केल्यावर 37 अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात पिशव्या तयार झाल्या. फ्रीझर उणे 30च्या खाली लागतो आणि आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी विचारलंच. त्यांनी जनरेटर दाखवला, तापमानाची वहीसुद्धा. कपाळाला आठी नाही.

तिसऱ्या पिशवीला अंगावर गांधी उठल्या. सिस्टरनी प्लाझ्मा थांबवला, इंजेक्शन दिलं आणि मग हळूहळू पुन्हा सुरू केला. दाढ निघाली, रक्त थांबलं.

उणीव आहे ती रात्रीची. फोन पटकन उचलत नाहीत, आणि नातेवाइकांना बसायला एकच बाकडं. मे महिन्यात शिबिरं कमी होतात, तेव्हा काही ठरवून करायचं असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा.

एबी गटाच्या मंडळींना एक विनंती. तुमचं रक्त फार कुणाला चालत नाही म्हणून शिबिरातून मागे फिरू नका. तुमचा प्लाझ्मा कुठल्याही गटाच्या रुग्णाला देता येतो. आमच्या चारातल्या दोन पिशव्या एबीच्याच होत्या.