जँगोची टेस्ट फेल होतेय: पीडीबी, गिट बायसेक्ट की रनटेस्ट्सचंच बायसेक्ट?

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कच्या कोडमध्ये छोटासा बदल केला, त्याचा अख्खा टेस्ट सूट (सगळ्या टेस्टचा संच) चालवला आणि एक टेस्ट फेल झाली. हत्यार निवडण्याआधी तीच टेस्ट एकटी चालवून बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

एकटीही फेल होत असेल आणि संशय तुमच्याच बदलावर असेल, तर पीडीबी, म्हणजे पायथॉनचा डीबगर, पुरे. रनटेस्ट्स या जँगोच्या टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टला --पीडीबी दिलं की एरर येते तिथेच थांबून व्हेरिएबल तपासता येतात. सोबत --पॅरलल=1 (टेस्ट समांतर न चालवणं) द्यायला विसरू नका, नाहीतर जँगो सुरुवातीलाच नकार देतं.

‘मागच्या व्हर्जनला तर चालत होतं’ या तक्रारीवर मात्र गिट बायसेक्टच. ते कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांची) यादी अर्धी-अर्धी करत जातं. मधे 1000 कमिट असले तरी साधारण 10 फेऱ्यांत दोषी कमिट सापडतो, आणि बायसेक्टच्या ‘रन’ या उपकमांडला टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट दिली की या फेऱ्या आपोआप होतात. मेख अशी की नवी टेस्ट जुन्या कमिटमध्ये नसतेच. ती गिटमध्ये न घातलेल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. शिवाय जुन्या कोडवर नुसती इम्पोर्ट एरर आली तरी स्क्रिप्ट ‘फेल’ सांगते आणि भलत्याच कमिटवर आळ येतो. अशा वेळी स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) 125 हवा, म्हणजे गिट तो कमिट वगळतं.

एकटी पास, सगळ्यांसोबत फेल? इथे पीडीबी लावून बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बहुतेकदा आधी चाललेल्या कुठल्यातरी टेस्टने सेटिंग बदलून तशीच सोडलेली असते. रनटेस्ट्सचं --बायसेक्ट यासाठीच आहे. (नावं सारखी ठेवून गोंधळ घातलाय खरा.) हे कमिट नाही, सोबत चालणाऱ्या टेस्टची यादी अर्धी-अर्धी करत जातं. शेवटी हाती येतं ते टेस्ट ॲपचं (टेस्टच्या एका गटाचं) नाव. त्यातली नेमकी टेस्ट तुम्हीच शोधायची. काहीच सापडलं नाही तर ते स्वतःच --पेअर सुचवतं. त्यात तुमची टेस्ट एकेका ॲपसोबत जोडीने चालते, म्हणून वेळ भरपूर लागतो. मी तरी ते रात्री लावून ठेवीन.

दोन ॲप मिळून घोळ घालत असतील तर पेअरही हात टेकतं. मग टेस्ट उलट क्रमाने चालवणारं --रिव्हर्स, नाहीतर क्रम पिसणारं, जँगो 4.0 पासून आलेलं --शफल वापरा. शफल सीड (क्रम ठरवणारा आकडा) छापतं. तो आकडा तिकिटात (बगच्या नोंदीत) लिहा, म्हणजे तपासणाऱ्यालाही टेस्ट त्याच क्रमाने चालवता येतील.