पाच बोटांचे की रुंद चवड्याचे? अनवाणी पद्धतीचे शूज घेण्याआधी

जाड गादीचे शूज सोडून पातळ तळाचे घ्यायचे, एवढं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. धावताना टाच आधी टेकते की चवडा, झीरो ड्रॉप (टाच आणि चवडा एकाच उंचीवर) म्हणजे काय, हे तुम्ही वाचलेलं असणारच. हार्वर्डचे संशोधक डॅनियल लिबरमन यांचा अनवाणी धावण्यावरचा, ‘नेचर’मधला 2010 चा शोधनिबंधही कोणीतरी तुम्हाला पाठवला असेल. अडायला होतं ते त्याच्या पुढे, कारण पातळ शूजमध्येही दोन घराणी आहेत. एकात प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असतो, म्हणजे हातमोज्यासारखा पायमोजा आणि त्याला खाली रबर. दुसऱ्यात बोटं एकत्रच राहतात, पण पुढचा भाग निमुळता नसतो, पावलाच्या खऱ्या आकाराचा असतो. मी दोन्ही वापरले आहेत, पुण्यात, वेताळ टेकडीच्या मुरमावर आणि खालच्या डांबरी रस्त्यांवर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. पातळपणामुळे जे मिळतं ते दोन्हीकडे सारखंच मिळतं. पाऊल जवळ पडायला लागतं, टाच आपटली की लगेच कळतं, पोटऱ्या पहिले काही आठवडे दगडासारख्या होतात. धोकाही सारखाच. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी नेहमी धावणाऱ्यांना दहा आठवडे पाच बोटांच्या शूजची सवय लावून पाहिली. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एमआरआयमध्ये पुष्कळांच्या पावलाच्या हाडांत ताणाची सूज दिसली होती. पुढच्याच वर्षी, असे पाच बोटांचे शूज बनवणाऱ्या व्हायब्रॅम या कंपनीने 37.5 लाख डॉलर देऊन ग्राहकांचा दावा मिटवला. स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातीतल्या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही, अशी ती तक्रार होती. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण तेव्हापासून मी गुडघेदुखी जाईल या आशेने कोणालाच हे शूज सुचवत नाही. जमीन पायाला कळावी असं वाटत असेल तर घ्यावेत. आणि सवय सावकाश लावावी. आधी घरात, मग चालायला, मग रोजच्या रनचा शेवटचा छोटा तुकडा.

आता पाच बोटांचे. त्यांची बाजू मनापासून मांडतो, कारण धावताना ते खरंच सुंदर वाटतात. टेकडी चढताना अंगठा एकटा जमीन पकडतो आणि मागे ढकलतो, ही जाणीव दुसऱ्या कुठल्याही शूजमध्ये मला तितकी आली नाही. तिरक्या उतारावर पाऊल आतल्या आत सरकत नाही, कारण प्रत्येक बोट आपापल्या जागी धरलेलं असतं. बोटं एकमेकांना घासत नाहीत, त्यामुळे लाँग रनलाही बोटांच्या बेचक्यात फोड येत नाही. निव्वळ धावणं मोजायचं असतं तर मी बहुधा इथेच थांबलो असतो.

पण शूज आधी पायात जावे लागतात. माझे व्हायब्रॅमचे नव्हते, त्याच धर्तीचे, दुसऱ्या एका कंपनीचे होते. माप बरोबर होतं. तरी करंगळी कधीच आपणहून तिच्या कप्प्यात गेली नाही. पायाची करंगळी हाताच्या करंगळीसारखी हलवता येत नाही. ती शेजारच्या बोटाला चिकटून त्याच्याच कप्प्यात घुसते. मग वाकायचं, एका हाताने शूज ताणायचा, दुसऱ्या हाताने तिला धरून आत ढकलायचं. तेवढ्यात चौथं बोट बाहेर येतं. उन्हाळ्यात पाय कोरडा असतो, तेव्हा हे निभतं. जुलैत पाय दमट, शूजचं आतलं कापड दमट, आणि कातडी कापडाला धरून बसते. पहाटे बरोबरचे लोक खाली गेटपाशी येऊन थांबलेले असतात आणि आपण जिन्यात बसून बोटं मोजत असतो. धावण्याची इच्छा पहाटे फार नाजूक असते, आणि दाराशीच खटपट करायला लावणारी वस्तू ती मोडते. माझ्याकडून रन चुकायला लागले, ते पायामुळे नाही, या कप्प्यांमुळे.

कप्प्यांचा दुसरा जाच वाळवण्याचा. मोकळ्या शूजमध्ये वर्तमानपत्राचा बोळा कोंबला की रात्रीत ओल निघते. या पाच बोळकांड्यांत कागद पोचत नाही, पंख्याची हवाही पोचत नाही. तिसऱ्या दिवशी वास येतो तो धुऊनही पुरता जात नाही. काट्याचंही तसंच. बाभळीचा काटा पातळ तळातून आरपार येतो, दोन्ही प्रकारांत येतो, त्याला इलाज नाही. पण रुंद शूजमध्ये आतली पातळ इनसोल काढून बोट फिरवलं की मोडलेलं टोक हाताला लागतं आणि चिमट्याने ओढता येतं. करंगळीच्या कप्प्यात माझं बोट जातच नव्हतं. टोक आत कुठेतरी आहे हे पाऊल टाकलं की कळायचं, सापडायचं मात्र नाही.

इथे मला इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला आठवतो. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. अनवाणी धावण्याचा दाखला म्हणून त्याचं नाव नेहमी घेतात. पण तिथे मिळालेले शूज पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी उतरला होता. चार वर्षांनी टोकियोला तोच शूज घालून धावला, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत पुन्हा जिंकला. मला यातून एवढंच दिसतं की पाऊल कशात सुखाने बसतं हा प्रश्न तळाच्या जाडीच्या आधी येतो.

रुंद चवड्याच्या शूजमध्ये दोष नाहीत असं नाही. तिरक्या उतारावर पाऊल थोडं सरकतं, नाडी मधल्या भोकांपाशी आवळून बांधावी लागते. ओल्या मुरमावर अंगठ्याची ती पकड मिळत नाही, आणि मला तिची आठवण येते. करंगळीच्या बाजूला कापड लवकर विरतं, पण माझ्या ओळखीच्या चांभाराने आतून ठिगळ लावून एक जोड चांगलाच पुढे चालवून दिला. कप्प्यांच्या शूजला सुई घालायला तो तयार नव्हता. मोजे कुठलेही चालतात. आणि मुख्य म्हणजे पाय आत सारला, नाडी बांधली, निघालो.

माप घेताना एक करा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, इनसोल बाहेर काढून तिच्यावर सगळा भार देऊन उभे राहा. करंगळी कडेच्या बाहेर लोंबत असेल तर तो शूज नावालाच रुंद आहे. पाच बोटांच्या शूजमध्ये ही परीक्षा घेता येत नाही. तिथे कप्प्यांची लांबी कारखान्यात ठरलेली असते. ज्यांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे त्यांनी तर घालून, उतारावर चालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण उतारावर ते नख पुढच्या शिवणीवर सतत आपटतं.

मग शूजच कशाला, सरळ अनवाणीच का नको, असंही विचारतात. मिलिंद सोमण 2016 मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले, तेव्हा होतं हे खरंच. पण आमच्या रस्त्यावर पहाटे फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत, म्हणून मी खाली काहीतरी ठेवतो.

तुमची बोटं मुळातच फाकलेली असतील, तुम्ही कोरड्या हवेच्या गावात राहत असाल, किंवा जिममध्ये वजनं उचलायला आणि घरच्या व्यायामालाच शूज हवे असतील, तर पाच बोटांचे जरूर बघा. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त लाभतील, कदाचित खूप जास्त. पण कोकणात, मुंबईत किंवा पुण्यात राहून पावसाळ्यातही रोज पहाटे बाहेर पडायचं असेल, तर पहिला जोड रुंद चवड्याचा घ्या. कप्प्यांचा मोह राहिलाच, तर तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, दुसरा जोड म्हणून घ्या.