बारा व्होल्टचा हवेचा पंप: मोटर झकास, पण त्या पितळी टोकाला कोणीतरी आवरा

गाडीच्या टायरांत हवा भरायचा हा पंप घेऊन बरेच महिने झाले. कलहारी आणि नामिब ही दोन्ही वाळवंटं त्याच्यासोबत पालथी घालून झाली. लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, 'नळी आणि तिचं टोक झिजणाऱ्या भागांत मोडतात, वॉरंटी लागू नाही', आणि हात शिवशिवायला लागले.

आकडेमोड खोक्यावर छापलेली आहेच, ती परत देत नाही. दोन चिमटे थेट बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवायचं, असा हा प्रकार. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे छोटे पंप रुंद टायरांसमोर धापा टाकतात आणि सॉकेटचा फ्यूजही उडवतात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. मोटरीबद्दल माझी एक तक्रार नाही. अठरा पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) अठ्ठावीसवर टायर न्यायला तीन-चार मिनिटं, आणि तापली की स्वतःहून बंद पडते. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा 'गेले पैसे' असंच वाटलं होतं. सावलीत ठेवली, थोड्या वेळाने काही न झाल्यासारखी सुरू झाली. संरक्षणासाठी दिलेली सोय आहे ती, आणि चोख काम करते.

आता टोक. व्हॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसवायचं पितळी टोक. नळीवर ते मोकळं फिरत नाही, म्हणजे टोक फिरवायचं तर अख्खी नळी पिळायची. पीळ बसला की नळी उलटी उसळते आणि टोक अर्धं सुटतं. काढताना तर विचारूच नका. पहिला आटा सैल झाला की हवा फुसफुसायला लागते आणि शेवटचा आटा सुटेपर्यंत दीड-दोन पीएसआय गायब. शिवाय मोटरीतून येणारी हवा तापलेली, त्यामुळे पितळही तापलेलं. चिमटीत धरायचं, चटका बसला की सोडायचं, फुंकर मारायची, परत धरायचं. खटका दाबून बसणारं टोक यापेक्षा किती महाग पडलं असतं? एवढी चांगली मोटर बनवणाऱ्यांनी नेमकी इथे चिकटपणा करावा!

कगालागाडीत, म्हणजे कलहारीतल्या अभयारण्यात, हे सगळं चालवून घेतलं. तिथले रस्ते आउब आणि नोसोब या कोरड्या नद्यांच्या पात्रांतून जातात आणि पत्र्यासारखे नालीदार आहेत. हवा कमी केल्याशिवाय ना गाडीला सुख, ना मणक्याला. वाळूत तर दुसरा मार्गच नाही. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, वजन पसरतं आणि चाक रुतण्याऐवजी वर राहतं. रॅल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि त्याच्या सोबत्यांनी 1920-30च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या याच युक्तीवर चालवल्या. रुतल्यावर चाकाखाली सरकवायला पोलादी पट्ट्या ठेवायच्या, ही सवयही त्यांचीच. हवा काढणं फुकट असतं. परत भरणं हा खरा प्रश्न. कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्यावर वेगात गेलात तर टायरची बाजूची भिंत सतत मुडपते, तापते आणि शेवटी फुटते. म्हणून पंप हवाच.

शेवटच्या दिवशी या टोकाने सगळा हिशोब चुकता केला. पहाटे नामिबमधलं सेस्रिएमचं फाटक, मग साठ किलोमीटर डांबरी, मग सोसुसव्लेई या टेकड्यांमधल्या कोरड्या तळ्याआधीची पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे फक्त फोर व्हील ड्राइव्ह जाते. डांबर संपतं तिथे गाडी थांबवून टायर अठरावर आणले. आत जाऊन, फिरून, परत त्याच जागी आलो तोवर ऊन चढलं होतं आणि न भरताच टायर वीस-एकवीस दाखवत होते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की एक पीएसआय वाढतो, आणि वाळूत चाक राबतं त्याची उष्णता वेगळी. म्हणून गरम टायरमध्ये हवा भरताना थंड टायरच्या आकड्यावर दोन-तीन चढवूनच थांबायचं.

पंपावरच्या काट्याबद्दल माझं मत इथे बदललं. आजवर मी त्याला खोटारडा म्हणत आलो होतो, कारण वेगळ्या मापकापेक्षा तो नेहमी जास्त दाखवायचा. पण पंप चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे. मोटर बंद करून दोन क्षण थांबलं की दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. काटा निर्दोष. त्याचे कापलेले गुण परत.

पुढे सॉलिटेअरमार्गे सी-14, सगळी खडी, मकरवृत्ताची पाटी, कुइसेबचा घाट. हा भाग देखणा आहे, पण पंपाशी त्याचा संबंध नाही. वॉल्विस बे या किनाऱ्यावरच्या बंदराच्या अलीकडे परत डांबर लागलं. आता वाढीव वेगासाठी शेवटचं भरणं. समुद्रावरून वारा सुटलेला आणि वाळू गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी धावत होती. तीन टायर झाले. चौथा, मागचा डावा. भरला, मोटर बंद केली, टोक फिरवलं, हलेना. आट्यांत वाळूचे कण अडकून ते जाम झालं होतं. जोर लावला तर टोकासोबत व्हॉल्व्हचा रबरी दांडाच पिळायला लागला. तो तुटला असता तर टायर रिमवरून उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बायको पाण्याची बाटली घेऊन आली, म्हणाली, "आधी धू तरी ते!" धुतलं. मग दांडा एका पकडीत घट्ट धरून, दुसऱ्या पकडीने टोक पाव-पाव आटा मागे. प्रत्येक पाव आट्याला फुस्स. सुटलं तेव्हा टायर पुन्हा चोवीसवर, आणि परत भरायचा तर लावायचं काय? तेच टोक! कापडाने आटे पुसले, लाळ लावायचीच काय ती बाकी ठेवली, आणि लावलं. त्या दिवशी गाडीत बसून मी जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही.

पुढे एक गंमत, नव्या लोकांसाठी. किनारा जवळ आला तसे गाडीत टायरचा दाब दाखवणाऱ्या समोरच्या पडद्यावर चारही टायरांचे आकडे हळूहळू उतरायला लागले. आत खोलात पस्तिशीच्या वर असलेलं तापमान बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे किनाऱ्यावर विशीच्या खाली येतं, धुकंही असतं. एवढ्या फरकात तीन पीएसआय सहज जातात. चारही एकसारखे उतरत असतील तर पंक्चर शोधत बसू नका. एकच उतरत असेल तर थांबा. माझा मागचा डावा बाकीच्यांसोबतच उतरत होता, म्हणून श्वास सोडला.

आता सर्व्हिस सेंटर. टोकाचे फोटो पाठवले: आटे खरवडलेले, आतली रबरी चकती फाटलेली. पहिलं उत्तर, 'उपकरण वाळूत वापरल्याचं दिसतं, हा अयोग्य वापर आहे.' खोक्यावर कशाचं चित्र आहे माहितीये? वाळूच्या टेकडीचं! वर गाडी, पुढे हाच पंप. ते चित्र त्यांना पाठवलं. मग अयोग्य वापर मागे घेतला आणि झिजणारे भाग पुढे आणले. तिसऱ्या मेलमध्ये अख्खा पंप स्वखर्चाने पाठवायला सांगितलं, 'तपासणीसाठी'. दोन्ही बाजूंचं कुरिअर मी भरायचं, म्हणजे त्यांच्या तपासणीचं बिल माझं. पाठवला नाही.

नळी कापून खटक्याचं टोक बसवलं, क्लॅम्पने आवळलं. टोकाची किंमत त्या कुरिअरच्या निम्मीही झाली नाही. आता लावताना एक खट, काढताना एक खट, फुस्सचा पत्ता नाही, बोटंही शाबूत. पहिल्या दिवसापासून हे असतं तर मी या पंपाची आरती ओवाळली असती.

घ्यायचा असेल तर घ्या, मोटर खरंच टिकाऊ आहे. पण सोबत दुसरं टोक, एक क्लॅम्प आणि व्हॉल्व्हच्या दोन जादा टोप्या त्याच दिवशी घ्या. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का तेही बघा. माझी पोचते, पण ताणून. कंपनीने परवा मेसेज पाठवलाय, 'आमच्या सेवेला तारे द्या.' एक दिलाय, तोही मोटरीच्या तोंडाकडे बघून.