पर्यावरणपूरक रिमॉडेलिंग, वर्षभराच्या वापरानंतर: घोडं पेंड खातंय ते एका रबरी सीलपाशी

भिंतीत लपवलेली कमोडची ड्युअल फ्लश टाकी (मोठ्या आणि छोट्या बटणाची) गळायला लागली नसती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

घराचं काम होऊन वर्ष उलटलं. छताला ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग, फॉल्स सीलिंगवर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडाची लोकर), कमी व्हीओसीचे (हवेत उडणारी रसायनं कमी असलेले) रंग, एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) एक नवी भिंत, पाणी वाचवणारे नळ, नवा इन्व्हर्टर एसी आणि ही टाकी. कागदावरचे गुण सगळ्यांना माहीत आहेत, ते पुन्हा सांगत नाही. वापरात काय झालं ते सांगते. सुरुवात टाकीपासून, कारण सध्या सगळा राग तिच्यावर आहे.

गळतीचा आवाज अजिबात येत नव्हता. कमोडच्या आतल्या मागच्या उतारावर एक तांबूस रेघ दिसायची, घासली की जायची आणि आठवड्याभरात परत यायची. संशय आला म्हणून तिथे कोरडा टिश्यू पेपर चिकटवला, तर तो बघता बघता भिजला. मग बटणाची प्लेट काढली, टाकीत येणारं पाणी बंद केलं, पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि अर्धा तास थांबले. पातळी खाली आली होती. खुणेपर्यंत परत भरायला मापाने 3 लिटर पाणी लागलं. म्हणजे मिनिटाला 100 मिली, आणि दिवसाला 144 लिटर.

आता बचत किती होती ते बघा. जुनी टाकी एका वेळी सुमारे 10 लिटर सोडायची. नवी मोठ्या बटणाला 6 आणि छोट्या बटणाला 3 लिटर सोडते. घरात दिवसाला 20 वेळा फ्लश होतो आणि त्यातल्या 12 वेळा छोटं बटण दाबलं जातं असं धरलं, तर 200 लिटरच्या जागी 84 लागतात. वाचले 116, गळाले 144. टाकीवर पाण्याच्या थेंबाचं हिरवं चिन्ह आहे, आणि ती जुन्या टाकीपेक्षा जास्त पाणी खात होती.

कंपनीला फोन केला. पहिलं उत्तर: "मॅडम, सील सुटं मिळत नाही, पूर्ण फ्लश वाल्व घ्यावा लागेल." ठीक आहे, द्या म्हटलं. चार दिवसांनी दुसरं उत्तर: तो वाल्व आता बनत नाही, नव्या मॉडेलचा जुन्या टाकीत बसत नाही, टाकीच बदला. टाकी भिंतीत आहे. ती काढायची म्हणजे टाईल्स फोडा, वॉटरप्रूफिंग तोडा, परत गिलावा, परत टाईल्स, आणि धडधाकट टाकी राडारोड्यात टाका. हे सगळं बांगडीएवढ्या रबरी चकतीसाठी. पैशाचं दुःख आहेच, पण पर्यावरणपूरक म्हणून विकलेल्या वस्तूवर हा उपाय सुचवताना समोरच्याला काहीच विचित्र वाटलं नाही, याचा संताप जास्त आला.

शेवटी ओळखीच्या प्लंबरकाकांनी प्लेटच्या जागेतून हात घालून वाल्व बाहेर काढला. सीलच्या खालच्या बाजूला जिथे ते टेकतं तिथे गोल खाच पडली होती आणि त्या खाचेत क्षाराचा पांढरा थर नखाला लागत होता. टाकीतल्या बैठकीवरही तोच खरखरीतपणा. सायट्रिक आम्लाच्या पाण्यात वाल्व भिजवून ठेवला, बैठक जुन्या टूथब्रशने घासली आणि सील उलटं करून बसवलं, कारण वरची बाजू अजून कोरी होती. परत पेन्सिलीची खूण, परत अर्धा तास. या वेळी पातळी जागची हलली नाही.

नंतर या टाकीचं पर्यावरणीय घोषणापत्र, म्हणजे ईपीडी, उघडून बघितलं. बांधकामाच्या वस्तूंसाठी ते युरोपात ईएन 15804 या मानकाप्रमाणे करतात. त्यात वस्तूचं आयुष्य टप्प्यांत मांडून प्रत्येक टप्प्याचा पर्यावरणावरचा भार लिहितात: ए1 ते ए3 म्हणजे कच्चा माल आणि कारखाना, बी2 देखभाल, बी3 दुरुस्ती, बी4 बदली, सी म्हणजे तोडफोड आणि विल्हेवाट. कारखान्यापर्यंतचे आकडे नीट भरलेले होते. बी2, बी3, बी4 या रकान्यांत मात्र ‘जाहीर केलेले नाही’. नियमात ते बसतं, बऱ्याच घोषणापत्रांत हे रकाने असेच असतात. पण माझा हिशेब फिरला तो नेमका याच तीन रकान्यांत. यापुढे कुठलीही वस्तू घेताना मी आधी हे रकाने बघणार, आणि सुट्या भागांची यादी लेखी मागणार. यादी देत नसतील तर वस्तू नको.

बाकीच्या कामाकडे वळते.

सगळ्यात मोठी बचत जी झाली ती कुठल्याच बिलावर दिसत नाही. डिझायनरचा पहिला आराखडा होता आतलं सगळं पाडून नव्याने करायचा. आम्ही भिंती ठेवल्या, चौकटी ठेवल्या, लाकडी दारं रंधून पॉलिश केली. नव्या भिंतींना सिमेंट लागतं, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा नसतोच. चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो वायू सुटतो, त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो राहतोच. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने 2011 मध्ये याचा अभ्यास केला होता. जुनी इमारत पाडून 30 टक्के कमी ऊर्जा लागणारी नवी बांधली, तर बांधकामात झालेलं हवामानाचं नुकसान भरून यायला इमारतीच्या प्रकारानुसार 10 ते 80 वर्षं लागतात, असं त्यात निघालं. 80 वर्षं! इतक्या काळात त्या घराची निदान दोन-तीन वेळा तरी पुन्हा तोडफोड झालेली असणार. म्हणून कुणी ‘ग्रीन’ घरासाठी धड असलेलं घर पाडायला सांगत असेल, तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा.

एएसीची भिंत एकच आहे. वजनाला हलकी, उष्णता विटेपेक्षा बरीच कमी आत येते, दुपारी हात लावला तर फरक कळतो. पण जड कपाट टांगायला स्क्रूचे साधे प्लग चालत नाहीत, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला केसासारखी चीर गेली आहे. सांध्यावर जाळी मारली असती तर टळलं असतं, असं मिस्त्री आता सांगतो.

आता आनंदाची गोष्ट. कूल रूफचा पांढरा रंग हे या अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम होतं आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. गडद छत भर उन्हात 65 अंशांच्या पुढे जातं, चांगलं परावर्तन करणारं छत त्यापेक्षा 28 अंशांपर्यंत थंड राहू शकतं. पूर्वी दुपारी अनवाणी छतावर पाऊल टाकता यायचं नाही, आता टाकता येतं. वरच्या खोलीत रात्री भिंतींमधून जी धग यायची ती गेली. पहिल्या उन्हाळ्यानंतर मी प्रत्येकाला हाच रंग लावायला सांगत सुटले होते. आताही सांगते, पण एक अट घालून. धूळ आणि शेवाळाने छत करडं पडत गेलं तसा परिणाम उतरत गेला, आणि धुतल्यावर बराचसा परत आला, सगळा नाही. ज्या छतावर झाडू-पाणी घेऊन चढता येत नाही, तिथे जाहिरातीतला फरक टिकून राहील असं धरू नका.

फोमचं इन्सुलेशन सोडून रॉकवूल निवडण्याचं कारण फोम फुगवणारा वायू. काही एक्सपीएस (पॉलिस्टायरिन फोमच्या पाट्या) आणि स्प्रे फोम अजूनही एचएफसी, म्हणजे फ्लोरिन असलेल्या वायूंनी फुगवलेले असतात. त्यातल्या एचएफसी-134ए ची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट धरली जाते, आणि हा वायू फोममधून वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतो. विक्रेत्याला विचारलं, यात कुठला वायू आहे? त्याला हा प्रश्न याआधी कुणी विचारलाच नव्हता. पेंटेनने फुगवलेला ईपीएस, म्हणजे थर्मोकोल, चालला असता, पण झोपायच्या खोल्यांवर आग न धरणारंच काही हवं होतं.

एसीचंही तेच. जुन्यात थंडावा देणारा वायू आर-410ए होता, त्याची तापमानवाढीची क्षमता 2088 पट. त्यातला एक किलो हवेत गेला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. जुना एसी काढायला आलेल्या मेकॅनिकने पाना लावून गॅस सरळ हवेत सोडायची तयारी केली होती. त्याला थांबवलं आणि पंपडाउन करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये अडकवायला लावला. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण मागे लागल्याशिवाय कुणी करत नाही. नव्यात आर-32 आहे, 675 पट. प्रोपेनवर चालणाऱ्या यंत्रांत हा आकडा 3 किंवा त्याहून कमी असतो, ती मिळत असतील तर आधी ती बघा. एचएफसी कमी करण्याच्या 2016 च्या किगाली करारानंतर उत्पादक हळूहळू तिकडे वळताहेत.

विजेचं बिल मात्र जेवढं उतरेल असं सांगितलं होतं तेवढं उतरलं नाही. एसी कमी वीज खातो म्हटल्यावर घरात तो संध्याकाळीच सुरू व्हायला लागला, आणि पूर्वी पंख्यावर भागणाऱ्या खोलीतही. वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप वाढला, हे जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच दाखवून दिलं होतं. आता 26 अंश आणि सोबत पंखा असा नियम केला आहे, आणि पुढच्या बिलात तो दिसला.

रंगांबद्दल थोडक्यात. डब्यावरचा व्हीओसीचा आकडा बेसचा असतो, गडद छटेसाठी वरून मिसळलेल्या रंगद्रव्यांचा त्यात समावेश असेलच असं नाही. आमच्या फिकट भिंतींना वास आला नाही, एका गडद भिंतीला बरेच दिवस आला. प्लायवूड घेताना त्याच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूची श्रेणी बघाच, ई1 किंवा त्याहून कडक. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 पासून फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे, आणि इन्सुलेशन करून खिडक्या घट्ट बंद केलेल्या घरात तो साठतो. आम्ही जुन्या कपाटांचे सांगाडे ठेवून फक्त दारं बदलली, त्यामुळे हा प्रश्न लहान राहिला.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं, त्याला आता दोन महिने झाले. सील उलटं केल्यापासून टाकी गळलेली नाही आणि मीटरवर पाण्याचा वापर जुन्या टाकीच्या दिवसांपेक्षा स्पष्ट कमी दिसतोय. त्यामुळे ड्युअल फ्लशला माझे गुण वाढवून देते. वस्तू चांगली आहे, दर सहा महिन्यांनी क्षार काढायला हवेत. कंपनीच्या सेवेला शून्य, त्यात बदल नाही.

पुढचं काम सोलर पॅनेलचं. तिथे हिशेब बराच सरळ आहे. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा चांगल्या उन्हात एक-दोन वर्षांत भरून निघते आणि पॅनेल 25 वर्षं तरी चालतं. इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो, म्हणून त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील हे कोटेशनवरच लिहून मागितलं आहे. कोटेशन देणाऱ्या तिघांपैकी एकानेच लिहून दिलं. छताच्या लेपाला भोकं पडू नयेत म्हणून वजनावर उभी राहणारी चौकट हवी आहे, आणि ते वजन स्लॅबला पेलतं का हे स्ट्रक्चरल इंजिनीअर बघून गेल्यावरच ऑर्डर देणार.