डॅन्यूबवरची ख्रिसमस मार्केट क्रूझ: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

ऐन भरीत पार्टीच्या सीझनमध्ये जळगाव सोडून युरोपात कशाला जाता असं घरच्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं, पण ख्रिसमस मार्केट बघायचे तर तोच महिना, दुसरा इलाज नाही. आम्ही चौघं होतो, मी, हे, माझी नणंद आणि नंदोई. न्युरेंबर्गला बोटीत बसायचं आणि रेगेन्सबर्ग, पासाऊ, मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा करत बुडापेस्टला उतरायचं. कंपनीचं नाव टाकत नाही, तसंही या मार्गावरच्या बोटी एकमेकींच्या बहिणीच असतात, कॅनॉलच्या लॉकमध्ये (दारं लावून पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करायचा हौद) मावायला हवं म्हणून रुंदी साडेअकरा मीटरच्या आत आणि लांबी फार तर १३५ मीटर, दीडशे-दोनशे माणसं बसतात.

आधी चांगलं सांगते. बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची, हे सुख काय असतं ते बस टूर केलेल्यांना विचारा. नणंदबाईंचे गुडघे दुखतात, पण रेगेन्सबर्ग आणि पासाऊला बोट जुन्या गावाच्या अगदी अंगाला लागते, उतरलं की चालतच बाजारात. सगळीकडे असं नाही हां. न्युरेंबर्गला बोट गावाबाहेर कॅनॉलवर असते, तिथून बसने नेतात, आणि व्हिएन्नातही मेन भागापासून लांबच, पण तिथे फोरगार्टनश्ट्रासे स्टेशनवरून यू १ मेट्रो पकडली की थेट श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे जुन्या शहराचा मधला चौक. बोटीवाले याच अंतराची जी जादा पैशाची टूर विकतात ती घेऊ नका.

आता नदीचं. ब्रोशरमध्ये बाल्कनीत चहा घेत नदी बघणारं जोडपं असतं ना, ते विसरा. बोट बहुतेक रात्रीच चालते, कारण दिवसा गावं दाखवायची असतात. न्युरेंबर्गकडून येताना जो कॅनॉल लागतो (१९९२ ला पूर्ण झाला, १७१ किलोमीटर, मधे समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढतो) त्यातले काही लॉक चोवीस मीटरच्या वर उचलतात, आणि तेवढा वेळ खिडकीला चिकटून ओल्या सिमेंटची भिंत. धक्क्यावर लागली तरी शेजारी दुसरी बोट बांधतात, मग तुमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी आणि दोन्हीकडचे पडदे बंद. नंदोई तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "नदी ते दिसस नही भो!" खरं होतं. दिवसा नीट नदी दिसली ती मेल्कच्या पिवळ्या मठानंतर वाखाऊच्या खोऱ्यात, तीही उघड्या डेकवर टोपी-मफलर गुंडाळून, बाल्कनीतून नाही. म्हणून सांगते, सगळ्यात खालच्या मजल्याची केबिन घ्या, खिडकी उघडत नाही तर नको उघडू दे, केबिनमध्ये झोपायलाच तर जायचंय.

आणि माझी खरी तक्रार वेळेची आहे. डिसेंबरात व्हिएन्नाला चारला सूर्य मावळतो, बुडापेस्टला तर त्याच्याही आधी. म्हणजे बाजार जो काय खुलतो तो चारनंतर, लाइटी लागतात, बदाम साखरेत परतल्याचा वास सुटतो, ऑफिस सुटून तिथलीच माणसं ग्लासं घेऊन उभी राहतात. आणि आमची बोट काय म्हणते, सातला पाच कोर्सचं डिनर, साडेसहाला उद्याच्या कार्यक्रमाची माहिती, सगळ्यांनी लाउंजमध्ये यावं! दिवसभर ज्या बाजारात अर्धी दुकानं आळसावलेली होती तो रंगात आला की तुम्ही पांढऱ्या टेबलक्लॉथवर सूप पीत बसायचं. दोन दिवस आम्ही गेलो, तिसऱ्या दिवसापासून डिनरला सरळ दांडी. पैसे भरलेत म्हणून हे कुरकुरले, पण शाकाहाऱ्यांना त्या डिनरमध्ये होतं काय, बुक करताना सांगूनही रोज मशरूम नाहीतर पास्ता, आणि तिखट मागितलं तर मिरपूड. ब्रेकफास्ट मात्र झकास, ब्रेड-चीज-फळं भरपूर.

बाजारात शाकाहारी खायला मिळतं, आम्हाला अंडं चालतं त्यामुळे अजून सोपं. किसलेल्या बटाट्याचे तळलेले कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर देतात, आम्ही घरून नेलेल्या ठेच्याबरोबर खाल्ले, स्टॉलवालाच बघत बसला. भाजलेले चेस्टनट, बुडापेस्टला लांगोश म्हणजे तळलेल्या पिठावर आंबट क्रीम आणि चीज, आणि नळीवर गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला गोड पाव, कुर्तोशकलाच. न्युरेंबर्गला सगळे बोटाएवढे सॉसेज तीन-तीन पावात घालून खातात, ते आमच्या कामाचं नव्हतं, आम्ही लेबकुखेन, म्हणजे मसाल्याची गोड बिस्किटं, घेतली. गरम मसाल्याची वाइन ज्यांना नको त्यांनी किंडरपुंश मागा, बिनदारूचा असतो. कपाचं डिपॉझिट चार-पाच युरो घेतात, परत दिला की पैसे परत, नणंदबाईंनी एकही दिला नाही.

बाजारांत माझा नंबर एक रेगेन्सबर्ग. बाराव्या शतकातला दगडी पूल, लहान गाव, गर्दी बेताची. थुर्न उंड टॅक्सिस राजवाड्यातल्या बाजाराला तिकीट आहे, तरी जा, मशाली आणि शेकोट्या आहेत. न्युरेंबर्ग नावाजलेलं, दर दोन वर्षांनी एक मुलगी ख्रिस्टकिंड (नाताळची परी म्हणा) म्हणून निवडतात आणि ती चर्चच्या गॅलरीतून बाजाराचं उद्घाटन करते, पण शनिवारी गेलात तर सारंगखेड्याच्या यात्रेत दत्त जयंतीला जसं माणसाला माणूस ढकलतं तसंच, फक्त घोडे नाहीत. व्हिएन्नाला राटहाउस म्हणजे टाउन हॉलसमोरचा बाजार फोटोपुरता, सामान बरंचसं सगळीकडे तेच दिसतं, खरेदी कार्ल्सप्लाट्झला करा, तिथे हातकामाच्या वस्तू असतात. पासाऊला तीन नद्या मिळतात, टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, २०१३ ची १२.८९ मीटरची बघून हे तापीच्या पुराच्या गोष्टी सांगत बसले आणि बाजार राहिला बाजूला.

एकच रात्र बोटीवर पूर्ण पैसे वसूल झाले, बुडापेस्टची. २६८ मीटर लांबीचं पार्लमेंट सगळं सोनेरी उजेडात आणि बोट समोरून हळू जाते. ते बसने नाही दिसणार तसं. तिथे फोरिंट चालतात, थोडे बदलून ठेवा.

व्हिसाचं: शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, बोटाचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. पाणी फार चढलं किंवा उतरलं की बोट अडते आणि पुढचा प्रवास बसने करवतात, करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पैसे भरायच्या आधी वाचा.

तारीख नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली घ्या. ऐन नाताळच्या आठवड्याची बोट एजंट आग्रहाने विकतात, पण न्युरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला उठतो, आणि बुडापेस्टचे मोठे बाजार आणि व्हिएन्नाचे काही बाजार नाताळनंतरही असले तरी रेगेन्सबर्ग, पासाऊसारख्या गावांत तुम्हाला बंद टपऱ्याच बघायला मिळतील.